प्रेस शॉपमध्ये बोटं वाचवायची तर काम कुठून सुरू करायचं

भोसरीच्या एका गाळ्यात मी टूलरूमला, म्हणजे डाय बनवायच्या विभागात, लागलो तेव्हा शेजारच्या 30 टनी प्रेसवर (पत्रा कापायच्या-वाकवायच्या यंत्रावर) एक विशीतला मुलगा बसायचा, मराठवाड्यातून आलेला. एका दुपारी ब्लँक, म्हणजे कापलेला पत्र्याचा तुकडा, डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, तिरका बसला. तो सरळ करायला त्याने हात आत घातला आणि पाय पेडलवरच होता. तर्जनी आणि मधलं बोट गेलं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, "लक्ष नव्हतं त्याचं." दुसऱ्या दिवशी भिंतीवर 'सावधान' असा बोर्ड लागला आणि त्याच प्रेसवर दुसरा मुलगा बसला. प्रेसमध्ये मात्र काहीही बदललं नव्हतं.

नंतरच्या वीस-बावीस वर्षांत भोसरी, चाकण, तळवडे इथली बरीच प्रेस शॉप पाहिली. माझं मत आता पक्कं झालं आहे. बोट जाण्याचं कारण माणसाचं लक्ष चुकण्यात नसतं, रॅमखाली, म्हणजे प्रेसच्या वरून आदळणाऱ्या भागाखाली, हात घालावा लागतो यात असतं. दिवसाला तीन-चार हजार वेळा हात आत-बाहेर करणाऱ्या कुठल्याही माणसाचं लक्ष एकदा तरी चुकणारच. म्हणून सगळी मेहनत एकाच गोष्टीवर लावायची: हात आत घालायची गरजच उरू द्यायची नाही. हा लेख पाच ते पन्नास माणसांचं प्रेस शॉप चालवणाऱ्या मालकांसाठी, सुपरवायझरसाठी आणि प्रेसवर बसणाऱ्यांसाठीही आहे.

पहिलं पाऊल: खडू घेऊन शॉपमधून एक फेरी

एक दिवस सकाळी काम सुरू असताना खडू घेऊन फिरा. प्रत्येक प्रेससमोर दहा मिनिटं नुसतं उभं राहा. ऑपरेटरची बोटं रॅमखाली जातात का, एवढंच बघायचं. ब्लँक ठेवताना, तयार पीस काढताना, अडकलेला स्क्रॅप सोडवताना, डायला तेल लावताना, म्हणजे चारही वेळा बघायचं. जिथे हात आत जातो त्या प्रेसच्या फ्रेमवर खडूने गोल करा. शेजारी लिहा: कशासाठी जातो.

बहुतेक शॉपमध्ये चित्र असं दिसतं: पट्टीतून ब्लँकिंग करताना, म्हणजे ब्लँक कापताना, हात बाहेरच राहतो, कारण पट्टी लांब असते. धोका असतो तो दुसऱ्या ऑपरेशनला. कापलेला ब्लँक एकेक करून डायमध्ये ठेवायचा, बेंड किंवा पिअर्सिंग (भोक) मारायचं, हाताने काढायचा. तुमचे गोल बहुतेक याच प्रेसवर पडतील, आणि पैसे आधी तिथेच घालायचे.

दुसरं पाऊल: आपली प्रेस कुठल्या जातीची, हे ओळखा

यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे फसगत झालेले मालक मी बरेच पाहिले आहेत.

लहान शॉपमधल्या जुन्या प्रेस बहुतेक पिन क्लचच्या असतात, काही जण त्याला की क्लच म्हणतात. फ्लायव्हील, म्हणजे मोटरवर फिरणारं जड चाक, सतत फिरत असतं. पेडल दाबलं की पिन फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि रॅमला खालीवर करणारा शाफ्ट फिरायला लागतो. एकदा पिन अडकली की शाफ्ट पूर्ण एक फेरी मारूनच सुटतो. मध्ये काहीही केलं तरी रॅम थांबत नाही. पेडल सोडा, लाल बटण दाबा, मेन स्विच पाडा, रॅम खाली येणारच. मिनिटाला 60 स्ट्रोकची (स्ट्रोक म्हणजे रॅमची एक खाली-वर फेरी) प्रेस असेल तर रॅमला वरून खाली यायला अर्धा सेकंद लागतो.

दुसरी जात न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लचची. हवेचा दाब सुटला की ब्रेक लागतो आणि रॅम मध्येच थांबवता येतो.

हा फरक कळला की पुढचं सगळं सोपं होतं. बाजारात कोणीतरी सांगतं, "सेन्सर लावा, हात आला की मशीन बंद." लाइट कर्टन, म्हणजे हात आडवा आला की मशीनला कळवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, ही चांगली वस्तू आहे, पण ती मध्येच थांबू शकणाऱ्या प्रेससाठी आहे. पिन क्लचवर ती लावली तर हात आधीपासून आत असताना स्ट्रोक सुरू होणार नाही, इतकंच. स्ट्रोक सुरू झाल्यावर हात गेला तर सेन्सरला कळतं, पण रॅम थांबवायचं साधन मशीनमध्येच नाही. ऑपरेटरला मात्र वाटतं की आपण सुरक्षित आहोत. हे न लावण्यापेक्षाही वाईट.

दोन हातांच्या बटणांचंही, म्हणजे दोन्ही हातांनी एकत्र दाबली तरच स्ट्रोक सोडणाऱ्या बटणांचंही, तसंच. ती इतकी लांब हवीत की सोडल्यावर हात डायपर्यंत पोचायच्या आत रॅम खाली आलेला असेल. हिशोब करून बघा. माणसाचा हात सेकंदाला साधारण 1.6 मीटर वेगाने जातो, असं धरून सुरक्षित अंतर काढतात. तुमच्या क्लचमध्ये पिन अडकायची जागा एकच असेल तर वाईटात वाईट वेळी फ्लायव्हील एक पूर्ण फेरी मारेल, मग पिन अडकेल, मग अर्ध्या फेरीत रॅम खाली येईल. 60 स्ट्रोकच्या प्रेसवर हे दीड सेकंद झाले. म्हणजे बटणं डायपासून 2.4 मीटर लांब हवीत. इतक्या लांब बटणं ठेवून कोणी काम करू शकत नाही. पिन अडकायच्या जागा तीन असतील तरी अंतर सव्वा मीटरच्या पुढेच जातं. आणि डबल स्ट्रोक झाला, म्हणजे न दाबता रॅम पुन्हा खाली आला, तर बटणांचा काहीच उपयोग नाही.

म्हणून पिन क्लच प्रेसला एकच खरा उपाय: डायभोवती पक्का गार्ड.

तिसरं पाऊल: गार्ड बनवा, पण काम होईल असा

गार्ड म्हणजे डायच्या चारी बाजूंनी लोखंडी सळ्यांचा किंवा जाड पॉलिकार्बोनेटचा पिंजरा, बोल्टने बसवलेला. वेल्डिंग केला तर डाय बदलताना कापावा लागतो आणि मग तो परत येत नाही. बिजागरीवर नुसता टांगला तर पहिल्याच दिवशी मागे टाकला जातो. बोल्ट असावेत आणि ते उघडायचा पाना ऑपरेटरकडे नव्हे, सेटरकडे, म्हणजे डाय बसवणाऱ्याकडे, असावा.

समोरून मटेरियल जायला फट लागते. डायच्या अगदी जवळ ती फट 6 मिलिमीटरपेक्षा मोठी नको, तेवढ्यात बोट शिरत नाही. गार्ड डायपासून जितका पुढे, तितकी फट थोडी मोठी चालते. तपासताना स्वतःचा हात घालू नका. मशीन बंद करून बोटाच्या जाडीची लाकडी पट्टी सगळ्या बाजूंनी आत सरकवून बघा. पट्टी पंचपर्यंत, म्हणजे रॅमला बसवलेल्या वरच्या हत्यारापर्यंत, पोचली तर बोटही पोचेल. मागची आणि बाजूची उघडी जागाही बघा, कारण हेल्पर मागूनच स्क्रॅप ओढतो.

आता खरा प्रश्न: गार्ड लावला तर ब्लँक आत कसा ठेवायचा? इथे टूलरूमने डोकं लावायला हवं. माझ्या अनुभवात या गोष्टी चालतात. सरकता डाय किंवा सरकती पट्टी: ब्लँक बाहेर ठेवायचा, ढकलून आत न्यायचा, मारायचा, बाहेर ओढायचा. उतरती घसरगुंडी: ब्लँक वरून सोडला की स्वतःहून जागेवर जाऊन बसतो. पीस काढायला मागच्या बाजूने हवेचा फवारा किंवा स्प्रिंगचा इजेक्टर. पीस तेलाने पंचला चिकटून वर जात असेल तर पंचमध्ये छोटी स्प्रिंग पिन बसवा. अर्ध्या दिवसाच्या या कामाने हात आत जायचं एक मोठं कारण संपतं. हे काहीच शक्य नसेल तेव्हाच चिमटा किंवा चुंबकाची काठी. चिमटा ॲल्युमिनियमचा करा. डायखाली सापडला तर चिमटा चेपतो, डाय वाचतो. पण चिमटा म्हणजे गार्ड नव्हे. घाईच्या वेळी तो बाजूला पडतो आणि बोटं पुढे होतात.

"गार्ड लावला की प्रॉडक्शन पडतं" हे मला दर वेळी ऐकवलं जातं. पहिला आठवडा पडतं, खरं आहे. सरकती पट्टी नीट जमली की ते परत वर येतं, कारण ऑपरेटर न घाबरता काम करतो. म्हणून गार्ड बसवण्याआधी त्या प्रेसवरच्या माणसाला विचारा. हात कुठे अडतो, पीस कुठे अडकतो, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. त्याला न विचारता केलेला गार्ड आठवड्याभरात भंगारात दिसतो.

फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर दोन हातांची बटणं किंवा लाइट कर्टन लावाल तर तीन गोष्टी बघा. बटणं एकमेकांपासून एवढी लांब आणि अशी झाकलेली हवीत की एक हात आणि कोपर वापरून दोन्ही दाबता येऊ नयेत. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच स्ट्रोक सुटावा. तसं नसेल तर कोणीतरी एका बटणात नाणं खोचून चिकटपट्टी लावणार, हे मी कित्येकदा पाहिलं आहे. आणि प्रेसवर दोन माणसं असतील तर दोघांना स्वतंत्र बटणांची जोडी हवी. एकाचे दोन्ही हात बाहेर असतात तेव्हा हेल्परचे आत असू शकतात. अंतराचा हिशोब वरचाच: प्रेस थांबायला 0.2 सेकंद लागत असतील तर नुसता हाताच्या वेगाचाच 32 सेंटीमीटर होतो, त्यावर आणखी जास्तीचं अंतर सोडायचं. थांबायचा वेळ मोजून घ्या, अंदाजाने धरू नका. ब्रेक झिजला की तो वाढतो.

पेडल ठेवायचंच असेल तर त्यावर तिन्ही बाजूंनी आणि वरून टोप बसवा. वरून पडलेला पीस किंवा चुकून टेकलेला पाय स्ट्रोक सोडतो.

चौथं पाऊल: रोज सकाळी पहिल्या पीसआधी

डबल स्ट्रोक अचानक होत नाही. क्लचची पिन झिजलेली असते, तिची स्प्रिंग मेलेली असते, ब्रेकचा पट्टा तेलाने माखलेला असतो, आणि मशीन आठवडाभर आधी सांगत असतं. ऐकायचं असं: मटेरियल न घालता पेडल दाबून धरा. रॅमने एकच स्ट्रोक मारून वर थांबलं पाहिजे. दहा वेळा करा. रॅम अगदी वरच्या टोकाला थांबतो की पुढे सरकून खाली यायला लागतो, ते बघा. सरकत असेल तर ब्रेक. ठणठण वेगळा आवाज येत असेल तर पिन. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर प्रेस बंद, स्विचला लाल पट्टी. दुपारी माल द्यायचा आहे म्हणून "आजचा दिवस ओढू" म्हणायचं नाही. पिन आणि स्प्रिंग या तुटेपर्यंत वापरायच्या वस्तू नाहीत. तारीख लिहून ठरावीक काळाने बदलायच्या.

ही तपासणी ऑपरेटरने करावी आणि वहीत सही करावी. आणि त्याने प्रेस बंद केली तर त्या दिवसाचा त्याचा पगार कापला जाणार नाही, हे मालकाने सगळ्यांसमोर सांगावं. नाहीतर वहीत रोज सही होईल आणि तपासणी होणार नाही.

पाचवं पाऊल: डाय सेटिंग, म्हणजे प्रेसवर डाय बसवणं

उत्पादन चालू असताना गार्ड असतो, सेटिंगला तो काढावाच लागतो. म्हणून अनुभवी सेटरचीही बोटं जातात.

मेन स्विच पाडा आणि त्याला कुलूप लावा. किल्ली सेटरच्या खिशात, दुसरी कोणाकडेच नको. स्विच पाडल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं आणि तेवढ्या जोरावर एक स्ट्रोक सहज मारतं. ते पूर्ण थांबेपर्यंत हात आत नाही. मग रॅम आणि बोल्स्टरच्या (डाय बसतो त्या खालच्या जाड प्लेटच्या) मध्ये सेफ्टी ब्लॉक ठेवा, म्हणजे रॅमचं वजन पेलेल असा ठोकळा, साखळीने प्रेसलाच बांधलेला. रॅम खालीवर करायला फ्लायव्हीलमध्ये सळई घालून फिरवत असाल तर सळई काढल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही. विसरलेली सळई मोटर सुरू होताच गोळीसारखी उडते. डाय क्लॅम्प झाल्यावर पहिला स्ट्रोक हाताने फिरवून. शेवटी गार्ड परत बसवायचा, पट्टीने तपासायचा आणि मगच सेटर व ऑपरेटर दोघांनी सही करून मशीन ताब्यात द्यायचं-घ्यायचं.

चालू कामात पीस अडकला तरी हाच क्रम. माझ्या पाहण्यातले सगळ्यात जास्त अपघात याच क्षणी झाले आहेत, "एका सेकंदाचं तर काम आहे" असं म्हणत.

बाकीच्या गोष्टी

हातमोजे शीटच्या धारेसाठी हवेतच, पण ड्रिलिंग मशीनवर मोजे घालायचे नाहीत. ड्रिल मोज्याचा धागा पकडतं आणि हात ओढून नेतं. त्यामुळे प्रेसवरून ड्रिलवर जाणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगा.

आवाजाकडे प्रेस शॉपमध्ये कोणी लक्ष देत नाही, कारण कान हळूहळू जातो आणि रक्त येत नाही. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज धोक्याच्या पातळीला आहे. नियमांनुसार 90 डेसिबलला आठ तास, आणि पुढे प्रत्येक 5 डेसिबलला वेळ निम्मा: 95 ला चार तास, 100 ला दोन. प्रेसखाली रबरी पॅड, स्क्रॅपच्या पेटीला आतून रबर, आणि कानात प्लग.

जमिनीवरचं तेल भुशाने लगेच टिपा. बेल्ट आणि फ्लायव्हीलला कव्हर. प्रत्येक पॅनेलला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच. डायवर पडणारा उजेड सावली न पाडणारा.

माणसं

नवा मुलगा सोमवारी येतो आणि मंगळवारी प्रेसवर बसतो, कारण नेहमीचा ऑपरेटर गावी गेलेला असतो. हे थांबवा. हेल्परला प्रेसवर बसवायचं नाही, एक तासासाठीही नाही. प्रत्येक प्रेसवर, ती चालवायला कोणाला परवानगी आहे, त्यांची नावं लिहून लावा. नव्या माणसाला त्याच्या भाषेत शिकवा. आपल्याकडे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली मुलं मोठ्या संख्येने आहेत. मराठीत घाईने सांगितलेलं ती मान हलवून ऐकतात आणि त्यातलं निम्मंच कळलेलं असतं. सांगून झाल्यावर त्याच्याकडून करवून घ्या: पीस अडकला असं समज, आता काय करशील? त्याने स्विच पाडला तर त्याला कळलं आहे.

टार्गेट गार्ड बसवून मोजलेल्या वेळावर ठरवा. गार्डशिवायच्या वेगावर टार्गेट ठेवलं की गार्ड काढायला तुम्हीच सांगितलं असा त्याचा अर्थ होतो. सलग दोन शिफ्ट केलेल्या माणसाला प्रेसवर ठेवू नका. पॅकिंगला ठेवा.

थोडक्यात वाचलेले प्रसंग लिहायला एक वही ठेवा: हातमोजा चेपला, चिमटा सापडला, रॅम आपोआप आला. लिहिणाऱ्याला दंड नाही, रागावणं नाही. दर शनिवारी मालकाने ती स्वतः वाचायची.

2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 21 ने यंत्राचे धोकादायक भाग बंदिस्त ठेवण्याची जबाबदारी टाकली ती कारखान्यावर, कामगाराच्या सावधपणावर नव्हे. कारखाना लहान आहे म्हणून कायदा आपल्याला लागू नाही, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की 30 टनाचा रॅम हजेरीपटावरची नावं मोजत नाही.

तरीही अपघात झाला तर

आधी प्रेसची वीज बंद. हात अडकला असेल तर घाबरून रॅम पुन्हा चालवू नका, सेटरकडून फ्लायव्हील हाताने उलटं फिरवून घ्या. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात उंच ठेवा. बोटाला दोरी आवळून बांधू नका. हळद, चहापावडर काही लावू नका.

तुटलेलं बोट शोधा, डाय उघडावा लागला तरी. ते स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवायचं नाही, पेशी मरतात आणि जोडणं अवघड होतं. 108 ला फोन करा. प्लास्टिक सर्जन किंवा हँड सर्जन असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं, हे आजच शोधून नंबर भिंतीवर लावा. त्या वेळी शोधत बसाल तर तास जातो.

ईएसआयसीमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, नाव कामाच्या पहिल्याच दिवशी घाला. मासिक 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ती लागू आहे. वर्गणी पगाराच्या प्रमाणात: मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के. अपघातानंतर काम करता येत नाही तोवर पगाराच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते आणि कायमचं अपंगत्व आलं तर पेन्शनसारखी दरमहा रक्कम मिळते. कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेचं नुकसान 30 टक्के धरतात, पूर्ण तर्जनीला 14 टक्के. अपघाताची नोंद त्याच दिवशी करा आणि खरी करा. "घरी पडला" असं लिहायला लावून त्या मुलाचा आयुष्यभराचा हक्क बुडवल्याची प्रकरणं मी जवळून पाहिली आहेत, आणि ती मला अजून सतावतात.

आणि ती प्रेस? हात आत का गेला हे कळून त्यावर उपाय बसेपर्यंत ती बंद ठेवायची. आमच्या गाळ्यातला तो मुलगा चार महिन्यांनी परत आला तेव्हा त्याला इन्स्पेक्शनला घेतलं होतं. पुढे आम्ही गार्ड करायला लागलो तेव्हा प्रत्येक नवा गार्ड आधी त्याच्यासमोर ठेवायचो. तो डाव्या हाताने लाकडी पट्टी घेऊन सगळ्या फटी तपासायचा. खंडेनवमीला मशीन धुऊन-पुसून हळदीकुंकू लागायच्या आधी त्याची ती फेरी ठरलेली असायची.